कवी नारायण वामन टिळक : तुकोबांचं ऋण मानणारा ख्रिस्तभक्त



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून हा अंक निघतो आहे. मंडळींनी सांगितलं की महाराज, तुम्हीपण एक चरित्र लिहून द्या. आम्ही कीर्तनात उभं राहून बोलणारी माणसं, बसून लिहायची सवय नाही. शाळा चौथीपर्यंत, पुढं औत आणि वीणा. कोणाचं चरित्र लिहिता असं विचारलं तेव्हा आम्ही टिळकांचं म्हणालो. मंडळींना वाटलं लोकमान्यांचं. नाही, पाद्री टिळकांचं, असं सांगितल्यावर जरा गलका झाला. शताब्दीच्या अंकात बाटलेल्या माणसाचं चरित्र कशाला, संत कमी पडले का, असं एक दोघं बोलले. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. पण आधी वाचा, मग काय ते बोला. आम्ही तर कुणाला धर्म सोडायला सांगत नाही. आमच्या गळ्यात माळ आहे आणि ती सरणावर जाईपर्यंत राहील.

पहिली गोष्ट अशी, की हा माणूस आपल्या वाटेवरचा आहे. आपण त्र्यंबकाहून निवृत्तीनाथ महाराजांच्या पालखीबरोबर निघतो. नाशिक, सिन्नर करत करत पुढं राहुरी लागते, मग नगर. टिळक नाशकात शिकले, जलालपूरचे जावई झाले, राहुरीत आणि नगरात राहिले, आणि त्यांच्या अस्थी नगरलाच आहेत. त्यांच्या बायकोनं दुःखाचे दिवस काढले ते पंढरपुरात. म्हणजे आपली सगळी वारी या घराण्यानं आपल्या परीनं केलेली आहे. दिंडीत राहुरीच्या बाजूला कितीतरी ख्रिस्ती घरं लागतात. ती माणसं आपल्याला पाणी देतात, चहा पाजतात. ती कोणाची गाणी म्हणतात हे आपल्याला माहीत असायला पाहिजे की नको?

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात करजगावी चित्पावन ब्राह्मणाच्या घरी झाला. वडील फार तापट. आई जानकीबाई मायाळू, कवितेची आवड असलेली. नारायण अकरा बारा वर्षांचा असताना आई गेली. आईविना घरात जीव रमेना म्हणून पोरगं घर सोडून निघालं आणि पायी पायी नाशकास आलं. त्या वेळी नाशिक म्हणजे शास्त्रीपंडितांचं गाव. गरीब ब्राह्मणाच्या पोरानं वार लावून जेवायचं आणि कुणा शास्त्र्याच्या पायाशी बसून शिकायचं, असा तो काळ. या पोराला गणेशशास्त्री लेले यांच्यासारखा गुरू भेटला. त्यांच्यापाशी संस्कृत झालं. इंग्रजी शाळेतही थोडे दिवस गेले, पण पाठीमागच्या भावंडांचा भार अंगावर आला आणि शाळा सुटली. पुढचं सगळं शिक्षण त्यांचं त्यांनीच केलं. गंगेच्या काठी आईविना आलेलं लेकरू पुढं एवढं मोठं झालं, यात नाशिकच्या अन्नाचाही वाटा आहे असं आम्ही धरतो.

अठराएक वर्षांचे असताना त्यांचं लग्न झालं. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची, मनकर्णिका, वय अकरा. लग्नानंतरचं नाव लक्ष्मीबाई. या बाईंनी पुढं आपल्या आठवणी लिहिल्या, ‘स्मृतिचित्रे’ नावाच्या. ते पुस्तक आम्ही एका पावसाळ्यात अक्षर अक्षर लावत वाचलं आणि घरात वाचूनही दाखवलं. बाईंना नीट शाळा अशी नव्हतीच, नवऱ्यानंच त्यांना लिहायला वाचायला शिकवलं. तरी असं लिहिलंय की माणूस हसता हसता रडायला लागतो. त्यांच्या वडिलांचं सोवळं म्हणजे कहरच होता. त्यांचे सासरे, म्हणजे बाईंच्या आईचे वडील, सत्तावनच्या बंडानंतर फासावर गेले. तेव्हापासून यांच्या मनानं जे घेतलं ते विटाळाचं. बाजारातून घरात काही आलं की ते धुतल्याशिवाय आत यायचं नाही. अशा घरातली ही मुलगी. पुढं तिच्या नशिबात काय वाढून ठेवलंय ते कुणाला माहीत!

टिळकांचं पाऊल एका गावी टिकत नसे. कुठं मास्तरकी, कुठं कारकुनी, कुठं पुराण सांगायचं, कुठं व्याख्यान द्यायचं. कविता तर श्वासासारखी चालू. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानं संस्कृत ग्रंथांचं काम केलं, ‘ऋषि’ नावाचं मासिक चालवलं. हातात पैसा ठरत नसे. घरच्या सामानाला दिलेले पैसे वाटेत दुसऱ्याच कामी खर्च व्हायचे आणि बाई चुलीपाशी वाट बघत बसायच्या. देवमाणसाशी संसार करणं किती अवघड हे आपल्याकडं तुकोबांच्या घरच्या आवलीमातेला विचारावं. लोक तिला कजाग म्हणतात. आम्ही म्हणत नाही. उपाशी पोरं तिच्या पदराला होती.

टिळकांच्या मनात तेव्हा मोठी खळबळ चालू होती. जातीपातीनं देश खाल्ला, माणूस माणसाला शिवेना, हे त्यांना सहन होत नव्हतं. शास्त्रं वाचली, वाद केले, पण समाधान नाही. आपणच एक नवा धर्म काढावा असंसुद्धा त्यांच्या मनात होतं. अशात आगगाडीतून राजनांदगावला जाताना डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा कवितेवरून निघाल्या आणि देवापर्यंत गेल्या. उतरताना त्यानं बायबलचं पुस्तक हातात दिलं आणि वाचायचं वचन घेतलं. दिलेलं वचन म्हणून टिळक वाचायला बसले. सुरुवातीला काही मन लागलं नाही, पण येशूनं डोंगरावर बसून लोकांना केलेला उपदेश आला आणि तिथं ते थांबले. वैऱ्यावरही प्रेम करा, एका गालावर मारलं तर दुसरा पुढं करा, उद्याची चिंता देवावर टाका, दान गुपचूप करा, अशा अर्थाचा तो उपदेश आहे. ज्या प्रश्नांची उत्तरं ते शोधत होते ती तिथं त्यांना सापडली.

हा उपदेश आम्हीपण मुद्दाम मिळवून वाचला. तीनच अध्याय आहेत. आणि खरं सांगतो माउली, वाचताना आमच्या डोळ्यांपुढं पैठण आलं. नाथबाबा गोदावरीवर स्नान करून येतात आणि यवन त्यांच्या अंगावर थुंकतो. नाथ परत जाऊन स्नान करतात. परत थुंकतो, परत स्नान. एकशे आठ वेळा. आणि शेवटी नाथ त्याचेच उपकार मानतात, की तुझ्यामुळं आज गंगेची एवढी स्नानं घडली. ही कथा आम्ही चाळीस वर्षं सांगत आलो. श्रोते हसतात, टाळी देतात. पण परक्या पुस्तकातला तो उपदेश वाचल्यापासून आम्ही ही कथा सावकाश सांगतो. थुंकणाऱ्यावर नाथांचं प्रेम होतं, नुसती सहनशक्ती नव्हती, हे तिथं जास्त उघडं झालं. शेजाऱ्याच्या दिव्यानं आपल्याच घरातली वस्तू दिसावी तसं ते.

तर टिळकांनी ठरवलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गोऱ्या पाद्र्याच्या हातून न घेता आपल्या मराठी माणसाच्या हातून घेतला, आणि त्या पाद्र्याचं नाव होतं तुकाराम नथोजी. नावात काय, असं कुणी म्हणेल. आम्हाला मात्र ते वाचून गंमत वाटली.

आता इथं आमचं आणि टिळकांचं जमत नाही ते सांगतो. माणसानं आपल्या अंतःकरणाचा कौल मानावा, कबूल. पण त्या एका दिवसात लक्ष्मीबाईंचं काय झालं? नवरा जिवंत आणि संसार संपला. सवाष्ण म्हणावं की काय म्हणावं ते कुणाला कळेना. लोकांचे टोमणे वेगळेच. बाई दुःखानं वेड्यासारख्या झाल्या. पदरात दत्तू, लहान लेकरू. त्या बहिणीच्या आधारानं राहिल्या आणि काही काळ पंढरपुरात काढला. ज्या चंद्रभागेत आपण दरवर्षी स्नान करतो तिच्या काठी ही बाई नवऱ्यासाठी झुरत होती. पांडुरंगाला तिनं काय काय सांगितलं असेल ते त्यालाच ठाऊक. टिळकांची पत्रं येत, कवितेत लिहिलेली. ते भेटायलाही येत. दुसरी बायको त्यांनी केली नाही, आणि माझा धर्म घे असा हट्टही धरला नाही. तू तुझ्या धर्मानं राहा, पण जवळ ये, एवढंच म्हणणं.

चार पाच वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला गेल्या. गेल्या त्या सोवळं घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, भांडी वेगळी. एका घरात ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली बायको, आणि दोघांचं एकमेकांवर जीवापाड प्रेम. टिळकांनी तिच्या सोवळ्याची सोय नीट लावून दिली, थट्टा केली नाही. आम्हाला वाटतं, धर्म धर्म म्हणून जे भांडतात त्यांनी हे घर डोळ्यांपुढं आणावं. पुढं बाईंनी स्वतःच विचार केला, की जात देवानं केली की माणसानं? देवानं केली असती तर अंगावर खूण दिली असती. हळूहळू त्यांचं सोवळं गळून पडलं आणि १९०० साली राहुरीला त्याही ख्रिस्ती झाल्या. तो छपन्नच्या दुष्काळाचा काळ. नगर, राहुरी या भागात अनाथ पोरं रस्त्यावर आली होती. मिशननं अनाथालयं काढली आणि टिळकांच्या घरातही कोणाकोणाची लेकरं जेवू लागली. प्लेगमध्येही या जोडप्यानं रोग्यांची सेवा केली. रोग्याला हात लावायला सख्खे भाऊ तयार नव्हते त्या वेळची ही गोष्ट आहे.

आता आमच्या आवडीच्या भागाकडं येतो, तो म्हणजे भजन.

टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, बरीच गाणी इंग्रजीवरून उतरवलेली होती. शब्द मराठी आणि चाल साहेबाची. शेतावर राबणाऱ्या बाईला ती कशी यावी? नगरात त्यांच्या आधी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं करायला सुरुवात केली होती. टिळकांनी ते पुढं नेलं. येशूचं आख्यान वीणा, टाळ, मृदंगावर. अभंग, ओवी, पदं यांत शेकडो गाणी लिहिली. ‘अभंगांजली’ नावाचा त्यांचा अभंगांचा संग्रहच आहे. आजही मराठी चर्चमध्ये त्यांची गाणी म्हटली जातात. आम्ही ऐकली आहेत. डोळे मिटून ऐकलं तर पहिली दोन कडवी कळत नाही की हा आपला फड आहे की त्यांचा. मग येशूचं नाव येतं आणि कळतं.

टिळक स्वतः सांगत की आपण येशूपर्यंत पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून. ज्ञानोबा, तुकोबा, नामदेव यांना त्यांनी कधी टाकलं नाही. धर्म बदलला तरी गाथा जवळ राहिली. गोऱ्या मिशनऱ्यांना ते ठणकावत की हिंदुस्थानच्या संतांना बाजूला सारून इथं येशू रुजणार नाही.

आमच्या शिवारात द्राक्षं आहेत. बागायतदारांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. नुसती थॉमसनची वेल आपल्या क्षाराच्या जमिनीत दम धरत नाही. म्हणून आधी डॉगरीजचा जंगली खुंट लावतात, तो मुळं खोल सोडतो, आणि मग त्याच्यावर थॉमसनची काडी भरतात. वर घड दिसतो तो थॉमसनचा, पण पाणी ओढतो तो खाली खुंट. टिळकांचा अभंग आम्हाला असा वाटतो. वरचं फळ येशूच्या नावाचं आणि मूळ देहूचं. कुणी म्हणेल हे तर आपल्या अभंगाची चोरी झाली. खुंट काय चोरीला जातो का? तो तर जमिनीत तसाच उभा आहे.

आणि उलट बाजूनंही बघावं. ज्या अमेरिकन मिशनमध्ये टिळक गेले त्याच मिशनमधले जस्टिन अॅबट म्हणून एक साहेब होते. त्यांनी टिळकांना आधार दिला. हा माणूस आला होता आपल्याला येशू सांगायला. पण इथल्या संतांनी त्याला असं धरलं की मिशनचं काम सोडून मायदेशी गेल्यावर त्यानं राहिलेलं आयुष्य संतचरित्रं इंग्रजीत नेण्यात घातलं. एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई, आणि महिपतीबाबांचे ग्रंथ. महिपतीबाबा म्हणजे राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे, आपल्या सगळ्या कीर्तनकारांचे अन्नदाते. त्यांचा भक्तविजय नसता तर आम्ही आख्यानाला काय आणलं असतं? त्या महिपतीबाबांना सातासमुद्रापार नेलं ते एका पाद्र्यानं. आम्ही वारकऱ्यांनी त्याचं साधं नाव तरी घ्यावं की नाही!

ज्यांना हे सगळं नवीन वाटतं त्यांना आठवण करून देतो. महिपतीबाबांनी संतांच्या मेळ्यात कबीराला बसवलं, लतीफशा आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना बसवलं. नाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद रचला, त्यात दोघं कडाकडा भांडतात आणि शेवटी गळ्यात गळा घालतात. देहूहून तुकोबांची पालखी निघते तेव्हा पहिली थांबते ती अनगडशा बाबांच्या दर्ग्यापाशी, तिथं आरती होते आणि मग पुढची वाट. हे कुणी नवीन सुधारकानं घातलेलं नाही, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. दुसऱ्याच्या घरचं चांगलं असेल तर पदरात घ्यायचं, हा आपला जुना रिवाज आहे.

टिळकांच्या सगळ्या गोष्टी आम्हाला पटल्या असं नाही. मूर्तीबद्दल त्यांनी कठोर लिहिलं, ते आम्हाला बोचतं. विटेवरचं रूप बघून अडाणी बाईच्या डोळ्यांतून जे पाणी येतं त्याची किंमत त्यांना तेवढी लावता आली नाही असं आमचं मत. पण जातीबद्दल त्यांनी जे म्हटलं त्याला उत्तर देताना आमचीपण जीभ अडखळते. वाळवंटात आपण एकमेकांच्या पाया पडतो, हे खरं. गावात परत आल्यावर किती दिवस ते टिकतं? चोखोबांची समाधी महाद्वारात आहे, आणि पंढरपूरचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणाला लावून उपास करावा लागला. बाहेरचा माणूस बोट दाखवतो तेव्हा राग येतो, पण बोट कुठं दाखवलंय तेही बघावं लागतं.

टिळकांच्या घरी आपल्याच धर्मात राहिलेली माणसंही राहिली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ज्यांना लोक बालकवी म्हणून ओळखतात, ते पोरसवदा असताना नगरला टिळकांच्या घरी पोरासारखे राहिले. हिंदू आले आणि हिंदूच राहिले. टिळकांनी त्यांना कविता दिली. स्वतः टिळकांनीही फुलांवर, मुलांवर कविता लिहिल्या, त्या शाळेच्या पुस्तकांत येत असत. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या मराठी भागाचे संपादक होते.

शेवटी शेवटी मिशनच्या पगाराचं आणि चौकटीचं त्यांना ओझं झालं. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी झाले. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला असे दोघंही येऊ शकत. म्हणजे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी हा माणूस परत त्याच जागी आला, जिथं देवापुढं कोण कुठल्या घरचा ते विचारत नाहीत. त्यांच्या लोकांनाही ते सगळं रुचलं नाही. पण टिळकांनी लोकांच्या रुचण्याकडं कधी बघितलंच नव्हतं, ना ब्राह्मण असताना ना पाद्री असताना.

दरबार नीट उभा राहायच्या आत शरीर थकलं. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात त्यांनी देह ठेवला. ख्रिस्ती लोकांत पुरायची रीत. पण टिळकांनी सांगून ठेवलं होतं की आपल्याला अग्नी द्यावा. त्याप्रमाणं दहन झालं आणि अस्थी नगरला नेऊन ठेवल्या.

त्यांनी एक मोठा ग्रंथ लिहायला घेतला होता, ‘ख्रिस्तायन’. रामायणासारखी येशूची कथा, ओवीत, पारायणाला बसता यावं अशी. अकरा अध्याय झाले आणि ते गेले. मग लक्ष्मीबाई बसल्या लिहायला. जलालपूरच्या सोवळ्या घरातली, कधी शाळेत न बसलेली, नवऱ्यासाठी पंढरपुरात रडलेली ती बाई. नवऱ्याच्या अकरा अध्यायांपुढं तिनं चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ साली तीही गेली. राहिलेला एक अध्याय दत्तूनं, म्हणजे देवदत्त टिळकांनी लिहिला आणि ग्रंथ पुरा केला.